कोणाची तार भारी?

मित्रांनो, वर्गात भांडणं कशावरून होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. बाकावरची जागा, हरवलेलं खोडरबर, कबड्डीतला एखादा गुण! पण आमच्या सातवीच्या वर्गात मागच्या हिवाळ्यात जे भांडण झालं, ते चक्क दोन तारांवरून. साध्या तांब्याच्या तारा, बरं का! आणि त्या भांडणात चूक कोणाची होती म्हणाल, तर बाईंची. म्हणजे माझीच.

झालं असं, की आमच्या गावात एक आजोबा राहतात. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हॅम रेडिओचा भारी नाद. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि मग स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या हौशी रेडिओवाल्याशी बोलायचं. मधे टॉवर नाही, इंटरनेट नाही, महिन्याचं बिल नाही. मधे असतं ते फक्त आकाश. प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातली बहुतेक नावं 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनासुद्धा ही परीक्षा देता येते.

आता तुमचे आईबाबा म्हणतील, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? तर ऐका. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांचं हॅम पथक मुक्कामाला होतं. ते आलं होतं केवळ हौसेखातर, अंदमानातून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलायला. लाटा आल्या, फोन बंद पडले, आणि त्याच हौशी सेटवरून 'अमुक माणूस सुखरूप आहे' असे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. अशा वेळी छपरावरची तार नीट लागलेली असेल, तरच निरोप जातो. नाहीतर सेट कितीही महागाचा असो, तो नुसता डबा.

ही तार म्हणजेच अँटेना. आजोबा आमच्या शाळेत आले आणि म्हणाले, "पोरांनो, सेट विकत मिळतो. अँटेना मात्र स्वतः बांधायचा असतो." मग काय! वर्गाचे दोन गट पडले.

आधी गणित करावं लागलं. रेडिओच्या लहरी सेकंदाला ३० कोटी मीटर पळतात. आम्हाला ऐकायच्या होत्या ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे सेकंदाला ७१ लाख हेलकावे. ३० कोटीला ७१ लाखांनी भागा बघू. साधारण ४२ मीटर! ही एका लहरीची लांबी. तार पुरी ४२ मीटर लागत नाही. निम्मी पुरते, तीही जराशी कमी, म्हणजे २० मीटर. भागाकार कशाला शिकायचा असं विचारणारा आमचा एक विद्यार्थी त्या दिवशी मुकाट्याने भागाकार करत होता, हे जाता जाता सांगते.

पहिल्या गटाने २० मीटरची तार मधोमध तोडली, तिथे केबल जोडली आणि कडुलिंबापासून शाळेच्या गच्चीपर्यंत आडवी ताणली. जमिनीपासून उंची वीसेक फूट. हिला म्हणतात डायपोल. दुसऱ्या गटाने बांबूला बांबू बांधून १० मीटरची तार उभी केली आणि तिच्या पायथ्यापासून आठ तारा जमिनीवर चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या. ही उभी तार, म्हणजे व्हर्टिकल. एका मुलाचे वडील वायरमन आहेत. विजेच्या खांबापासून दोन्ही तारा लांब आहेत ना, हे त्यांनी स्वतः टेप लावून पाहिलं, तेव्हाच बांबू वर गेला. तुम्हीही कधी काही बांधलंत तर हे काम मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही. विजेच्या तारांच्या आसपास तर बांबू न्यायचाच नाही, आणि ढग गडगडू लागले की सगळं सोडून घरात.

आजोबांनी फक्त ऐकण्याचा एक रिसीव्हर आम्हाला दोन दिवस वापरायला दिला आणि ते लेकीकडे गेले. मी जाहीर करून टाकलं, "ज्यांची तार चांगली, त्यांना कंपासपेटी!"

शनिवारी सकाळची शाळा. दहा वाजता आडवी तार जोडली. पुणे, कोल्हापूर, हुबळी अशी गावांची नावं कानावर आली. पोरं खूश. संध्याकाळी सात वाजता पालकांनाही बोलावलं आणि उभी तार जोडली. आणि काय सांगू! कुठल्या कुठल्या परक्या भाषा ऐकू यायला लागल्या. कोणी इंग्रजीत आपलं गाव सांगतंय, ते इंडोनेशियातलं. एक आजी तर सेटला कान लावून बसल्या. मी तिथल्या तिथे निकाल दिला, "उभी तार जिंकली!"

आडव्या तारेच्या गटाची पुढारी आमची मॉनिटर. ती उठून म्हणाली, "पण बाई, आमची तार सकाळी लावली होती ना?"

मी काय म्हणाले असेन? "हरलं की कारणं सांगायची नाहीत." सगळे पालक बसलेले. ती गप्प खाली बसली. सोमवारी प्रार्थनेला उभी होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

आजोबा परत आले. त्यांना मोठ्या उत्साहाने निकाल सांगितला, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही दोन तारांची स्पर्धा नाही घेतलीत. तुम्ही सकाळची आणि रात्रीची स्पर्धा घेतलीत!"

माझा चेहरा उतरला. पण गोष्ट खरी होती. जमिनीपासून साठ-एक किलोमीटरच्या वर हवेचे असे थर आहेत, की सूर्याच्या किरणांनी तिथले कण विद्युतभारित होतात. याला आयनांबर म्हणतात. त्यातला खालचा थर दिवसा लांबून तिरक्या येणाऱ्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरून जातो. मग त्याच्याही वर, दोनशे-चारशे किलोमीटरवर जो थर उरतो, त्यावरून लहरी परत फिरतात आणि हजारो किलोमीटर लांब उतरतात. म्हणजे संध्याकाळी सात वाजता आम्ही आडवी तार लावली असती, तरी परदेश ऐकू आलाच असता! मॉनिटरने बरोबर नस पकडली होती आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

मग सगळ्या वर्गासमोर मी ते कबूल केलं. सोपं नव्हतं हो. कंपासपेटी परत मागून घेतली, तेव्हा उभ्या तारेवाले रुसले. आता दोन्ही गट माझ्यावर नाराज! पण येत्या रविवारी परत परीक्षा घ्यायची, आणि ती कशी घ्यायची ते आजोबा सांगतील, असं ठरलं.

आजोबांच्या अटी ऐका. रिसीव्हर एकच. केबल दोन्हीकडे सारख्याच लांबीची. दोन्ही तारा एका वेळी लावलेल्या, आणि मधे एक बटण. बटण इकडे केलं की आडवी, तिकडे केलं की उभी. माणूस एकच वाक्य बोलतोय, तेवढ्यातच चार वेळा बटण फिरवायचं. का? तर आकाशातून येणारा आवाज क्षणात चढतो, क्षणात पडतो. पाच मिनिटांनी दुसरी तार लावली तर तेवढ्यात आकाश बदललेलं असतं. आणि एका माणसावरून निकाल द्यायचा नाही. जवळचे, लांबचे, सकाळचे, दुपारचे, रात्रीचे असे खूप जण ऐकायचे.

शेवटची अट सगळ्यात गमतीची. बटण दाबणारा कपाटामागे बसेल! कोणती तार लागली आहे ते ऐकणाऱ्यांना कळू द्यायचं नाही. त्यांनी फक्त 'पहिला आवाज चांगला' किंवा 'दुसरा चांगला' एवढंच वहीत लिहायचं. "नाहीतर काय होतं," आजोबा म्हणाले, "स्वतः बांधलेली तार प्रत्येकाला गोडच ऐकू येते. मी चाळीस वर्षं हा खेळ करतोय, मलासुद्धा येते."

रविवारी सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत आम्ही शाळेत होतो. डबे आले, चहा आला, दोन पालक पूर्ण दिवस बसून राहिले. आणि सकाळी पहिल्या तासाभरातच मजा झाली. कपाटामागून आकडा आला, वह्या जुळवल्या, तर उभ्या तारेच्या गटातल्या पोरांनी बहुतेक वेळा आडव्या तारेलाच 'चांगली' म्हटलेलं! न कळता! मॉनिटर पहिल्यांदा हसली.

पुण्या-कोल्हापूरचे, म्हणजे शे-दोनशे किलोमीटरवरचे आवाज दिवसा आडव्या तारेवर स्पष्ट येत. उभीवर तेच आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे. आजोबांनी कारण दाखवलं ते रबरी चेंडूने. चेंडू सरळ वर छताकडे फेकला, तो छताला लागून त्यांच्या पायाशीच पडला. मग तिरका फेकला, तो छताला लागून पार व्हरांड्यात गेला. कमी उंचीवरची आडवी तार आपल्या लहरी बऱ्याचशा सरळ वर फेकते. त्या आयनांबरावरून परत फिरतात आणि छत्रीसारख्या आपल्याच भागावर, चारपाचशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. उभी तार सरळ वर जवळजवळ काहीच फेकत नाही, ती क्षितिजाकडे तिरकं फेकते. ऐकण्याचंही तसंच. जी तार जिकडे जास्त फेकते, तिकडूनच तिला जास्त ऐकू येतं.

दुपारी एक वेगळीच भानगड झाली. रिसीव्हरवर एक काटा असतो, एस मीटर. आलेला आवाज किती जोरदार ते तो एक ते नऊ आकड्यांत सांगतो. एक आकडा वाढला म्हणजे शक्ती चौपट, असा ठरलेला हिशेब आहे. दोन आकडे वाढले तर? बरोबर, सोळापट! तर दुपारी उभ्या तारेवर काटा एकदम वर गेला. उभ्या गटाने टाळ्या पिटल्या. पण बोलणं कळेना, नुसती खरखर. शाळेमागे पिठाची गिरणी आहे, ती सुरू झाली होती! मोटारीची खरखर उभी तार आवडीने गोळा करत होती. आडवीवर काटा खाली होता, पण शब्द कळत होते. तेव्हा काटा किती वर गेला ते पाहून भागत नाही. आवाज आणि खरखर यांच्यात अंतर किती, ते बघावं लागतं.

आजोबांनी यावर एक जुनी गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. १९२१ साली फेब्रुवारीत अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठवून पाहिले. ब्रिटनमधले हौशी लोक कान लावून बसले, पण काही हाती लागलं नाही. मग डिसेंबरात अमेरिकेच्या हौशी संघटनेने आपला एक पटाईत माणूस, पॉल गॉडली, थेट स्कॉटलंडला पाठवला. अर्ड्रोसन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी, ऐन थंडीत, पावसात, तंबू ठोकून तो बसला. तार कशी लावली होती? उंच खांबावर? छे! १३०० फूट लांब तार, आणि उंची जेमतेम १२ फूट, अमेरिकेच्या दिशेने सरळ ताणलेली. या प्रकाराला शोध लावणाऱ्याच्या नावावरून बेव्हरेज अँटेना म्हणतात. अशी तार आवाज तसा कमीच पकडते. पण जिकडे रोख असेल त्या बाजूचंच जास्त ऐकते, बाकीच्या बाजूंची खरखर सोडून देते. त्या तंबूत गॉडलीने पंचवीसहून जास्त अमेरिकन हौशी केंद्रं ऐकली!

आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, "म्हणजे तार लांब आणि खाली लावली की झालं!"

तेव्हा मॉनिटर काय म्हणाली माहीत आहे? "पण त्याचा रेडिओपण नवीनच होता का?"

होता ना! गॉडली त्या काळातला अगदी नव्या पद्धतीचा, फार नाजूक आवाज पकडणारा रिसीव्हर बरोबर घेऊन गेला होता. जागा निवडली तीही समुद्रकाठची. शिवाय त्याच डिसेंबरात काही ब्रिटिश हौशी लोकांनीही आपापल्या घरच्या तारांवर अमेरिका ऐकली. फेब्रुवारीत न जमलेलं डिसेंबरात जमलं, त्यात तारेचा वाटा किती, रिसीव्हरचा किती, हिवाळ्यातल्या लांब रात्रींचा किती, हे कसं सांगणार? एका वेळी तीन-चार गोष्टी बदलल्या होत्या. गॉडलीला निकाल लावायचा नव्हताच म्हणा, त्याला ऐकायचं होतं. ते त्याने ऐकलं.

संध्याकाळ झाली तसा वहीतला रंग पालटला. आग्नेय आशियातले लांबचे आवाज येऊ लागले, आणि कपाटामागचा आकडा उभ्या तारेच्या बाजूने झुकला. प्रत्येक वेळी नाही हं. काही आवाज दोन्हीकडे सारखेच. एकदोन तर आडवीवरच बरे आले. पण एकंदरीत लांबच्या पल्ल्याला उभी सरस ठरली. गिरणीही तोवर बंद झाली होती, त्याचाही तिला फायदा मिळाला असणार.

मग कंपासपेटी कोणाला? कोणीतरी तोडगा काढला, की पेटीतलं कर्कटक एका गटाला आणि कोनमापक दुसऱ्याला. शेवटी ती पेटी वर्गाच्या कपाटात ठेवली आहे, वहीशेजारी. आकृत्या काढायला सगळेच वापरतात.

आजोबांच्या घरी मी नंतर एकदा गेले होते, तेव्हा त्यांनी संगणकावर याच खेळाचं आजचं रूप दाखवलं. त्याचं नाव 'व्हिस्पर', म्हणजे कुजबुज. २००८ साली जो टेलर यांनी ही पद्धत काढली. हे टेलर स्वतः हॅम तर आहेतच, शिवाय १९९३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना एका सहकाऱ्याबरोबर मिळालं आहे. अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ ठोके ऐकणं हेच त्यांचं काम होतं. व्हिस्परमध्ये सेट पावणेदोन-दोन मिनिटं अगदी सावकाश एक छोटा संदेश पाठवतो. माझं नाव अमुक, ठिकाण अमुक, शक्ती इतकी. शक्ती किती? बरेच जण एक वॅटहूनही कमी वापरतात. देवघरात लावतो तो एलईडीचा इवला दिवा तेवढाच असतो! माणसाच्या कानाला खरखरीत पत्ताही लागणार नाही असा तो संदेश जगभरचे संगणक ओळखतात आणि 'मी ऐकला, इतक्या जोराने' अशी नोंद आपोआप करतात.

आजोबा काय करतात, तर दोन तारांना दोन एकसारखे रिसीव्हर लावतात. दोघे एकाच वेळी तोच संदेश ऐकतात, म्हणजे आकाश बदलण्याचा प्रश्नच नाही. दिवसभरात नोंदींची थप्पी जमते. मधेच ते दोन्ही रिसीव्हरची अदलाबदल करतात. का बरं? एखादा रिसीव्हरच जरा कानाने तीक्ष्ण असेल आणि श्रेय तारेला जात असेल, तर ते उघडं पडावं म्हणून. संगणकाला कोणती तार कोणी बांधली याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे कपाटाची गरज नाही. मला मात्र आमचं कपाटच जास्त आवडलं.

तुम्हाला घरबसल्या काही करून पाहायचं असेल, तर माळ्यावर मिडियम वेव्ह लागणारा जुना ट्रान्झिस्टर आहे का बघा. त्याच्या पोटात काळ्या दांडीवर तार गुंडाळलेली असते, तोच त्याचा अँटेना. एखादं अंधुक लागणारं केंद्र लावा आणि रेडिओ पाटावर ठेवून हळूहळू गोल फिरवा. एका जागी आवाज जवळजवळ नाहीसा होईल. तेव्हा दांडीचं टोक साधारण त्या केंद्राकडे रोखलेलं असतं. मग पुस्तकाच्या नकाशात ती दिशा बरोबर येते का तपासा. घरातला ट्यूबलाइट, टीव्ही, मोबाइलचा चार्जर बंद आणि चालू करून खरखर किती बदलते तेही ऐका. आईबाबांना डोळे मिटून ऐकायला लावा आणि फिरवणारे तुम्ही व्हा, म्हणजे कपाटाची अट पाळल्यासारखं होईल. हे नुसतं ऐकणं झालं. परवान्याशिवाय संदेश पाठवायचा मात्र नाही, तो गुन्हा आहे.

आमच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. उभ्या तारेच्या पायथ्याशी पसरलेल्या आठ तारा चारच ठेवल्या तर काय होईल, हा उभ्या गटाचा प्रश्न. आडवी तार वीस फुटांवरून चाळीस फुटांवर नेली तर जवळचं ऐकणं कमी होईल का, हा मॉनिटरचा. तिने त्यासाठी गावातलं सगळ्यात उंच झाड हेरून ठेवलंय, पण मालक हो म्हणेना. आणि पावसाने जमीन चिंब भिजली की उभी तार जास्त चांगली ऐकते का, हा प्रश्न माझा. त्याला आषाढातला झड लागलेला पण गडगडाट नसलेला एखादा दिवस हवा. कपाटामागे कोण बसणार, यावरून मात्र आत्ताच भांडण सुरू झालंय.